'द बँड' : तपकिरी मुखपृष्ठामागे सोंग नाही

'द बँड' या रॉक गटाच्या १९६९च्या, तपकिरी मुखपृष्ठाच्या आणि गटाचंच नाव असलेल्या अल्बमचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं : कॅनडाच्या पोरांनी अमेरिकी दक्षिणेचं सोंग आणलं, गाणी सगळी गिटारवादक रॉबी रॉबर्टसनची, बाकीचे नुसते साथीला, आणि एकूण प्रकार जुन्या दिवसांच्या उमाळ्याचा. मला यातलं काहीच पटत नाही.

सोंगाचं आधी बघू. पाचांपैकी चौघे कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचे, हे खरं. पण ड्रम वाजवणारा लेव्हन हेल्म हा अमेरिकी दक्षिणेतल्या आर्कान्सॉ राज्यातल्या, कापूस पिकवणाऱ्या घरातला. उरलेल्यांची उमेदवारीही झाली ती रॉनी हॉकिन्स या आर्कान्सॉच्याच गायकाच्या हाताखाली, बारमध्ये रात्र-रात्र वाजवून. रॉबर्टसन तर सोळाव्या वर्षीच टोरांटोहून तिकडे गेला होता. अमेरिकी यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेवरच्या, याच अल्बममधल्या 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाऊन' या प्रसिद्ध गाण्यात गुलामांचा उल्लेखही येत नाही, हा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. तो रास्त आहे. पण तो आक्षेप वेगळा आणि सोंगाचा आरोप वेगळा.

दुसरा मुद्दा 'एकट्या रॉबर्टसनचा अल्बम' हा. बाराही गाण्यांवर लेखक म्हणून त्याचं नाव आहे, काहींवर रिचर्ड मॅन्युएल किंवा हेल्मच्या जोडीने. पण गातात ते हेल्म, रिक डँको आणि मॅन्युएल. 'रॅग मामा रॅग' हे गाणं हेडफोन लावून ऐका. हेल्म गातो आणि मेंडोलिन वाजवतो, म्हणून ड्रमवर मॅन्युएल बसलाय. नेहमी बेस गिटार सांभाळणाऱ्या डँकोच्या हातात फिडल, म्हणजे व्हायोलिन आहे. मग बेसचं काय? तिथे अल्बमचा निर्माता जॉन सायमन ट्युबा हे खर्जातलं पितळी वाद्य फुंकतोय! आणि या सगळ्यांमधून गटातल्या पाचव्या, गार्थ हडसनचा पियानो उड्या मारत पळतो. मॅन्युएलचे ड्रम किंचित अडखळतात, आणि गाण्याची सगळी लज्जत त्या अडखळण्यात आहे. हे कागदावर लिहून होत नाही.

उमाळ्याच्या आरोपाला माझं उत्तर म्हणजे शेवटचं गाणं, 'किंग हार्वेस्ट'. त्यातल्या शेतकऱ्याचं पीक पावसाअभावी गेलंय, गोठा जळालाय, घोडा वेडा झालाय, आणि आता त्याची सगळी भिस्त कामगार युनियनवर आहे. यात जुन्याचे गोडवे कुठे गायलेत? चालही बघा. एरवी कडवं दबकं असतं आणि ध्रुवपद मोकळं सुटतं. इथे उलटं आहे : सुगीचं वर्णन करणारं ध्रुवपद हळू आवाजात, आणि परिस्थितीने पिचलेल्या माणसाची कडवी ताणलेली, मॅन्युएलने जवळजवळ ओरडून गायलेली. शेवटी रॉबर्टसनचं गिटार येतं तेही चिमटे काढल्यासारखं, मोजक्या सुरांचं, कुठेही न सुखावणारं.

हे गाणं उमाळ्याचं आहे असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनी त्यातली एक हळवी ओळ मला दाखवावी.