सूर्याकडे बघून डोळ्याचा पडदा सुधारत नाही, कायमचा अधू होऊ शकतो

परवा सकाळी पंचवटीत आत्याकडे पोचलो, तर ती रामकुंडावर निघालेली. कशाला? सूर्याकडे टक लावून बघायला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय: रोज दहा मिनिटं सूर्य बघा, झिजलेला पडदा पुन्हा तयार होतो, ओसीटीचे, म्हणजे पडद्याच्या स्कॅनचे, किरण डोळा जाळतात, वयाने गेलेल्या पडद्यावर इलाज नाही, इंजेक्शनं हा धंदा आहे, गाजर-पालेभाजी पुरे. तेवढ्यावर तिने डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख चुकवली!

आधी सूर्याचं. डोळ्यातलं भिंग सूर्यप्रकाश नेमका पडद्याच्या मधोमध, मॅक्युलावर गोळा करतं. आत्याचा आजार तिथलाच आहे, वयाने मॅक्युला खराब होण्याचा. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून इजा होताना दुखत नाही. अशी इजा झालेल्या माणसाची ओसीटी काढली की प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थरात बरोब्बर मध्ये बारीक भगदाड दिसतं. काहींचं काही महिन्यांत भरतं, काहींना मधला डाग जन्मभर राहतो. कोवळं ऊन म्हणून सूट नाही.

ओसीटी जाळते म्हणे. तिच्यात एक्स-रे नसतात. मंद अवरक्त प्रकाश आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून थर मोजायचे, एवढंच. १९९१ मध्ये हे तंत्र ‘सायन्स’मध्ये पहिल्यांदा छापून आलं. आत्याचं स्कॅन मी पाहिलंय. मधोमध खळगा असायला हवा, तिथे उंचवटा होता आणि खाली पाण्याचा काळा कप्पा. देव्हाऱ्याची चौकट तिला वाकडी दिसत होती ती त्यामुळेच.

इलाज नाही? आत्यासारख्या ‘वेट’ (पडद्याखाली पाणी झिरपणाऱ्या) प्रकारच्या ७१६ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वर्षभर दरमहा इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर फारशी घसरली नाही. नुसतं इंजेक्शनचं नाटक केलेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होतं. दोन डोसांपैकी मोठा डोस घेतलेल्या तिघांतल्या एकाला तर तक्त्यावरची पंधरा अक्षरं जास्त वाचता आली.

याच आजाराच्या ‘ड्राय’ (पाणी न झिरपता पेशी झिजणाऱ्या) प्रकारात गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत, हे मात्र खरं. पालेभाजी चांगलीच, जरूर खा. पण ती इंजेक्शनची जागा घेत नाही.

आत्याची गुरुवारची तारीख घेतलीय. मेसेज टाकणाऱ्या काकूंनाही फोन केला. म्हणाल्या, “मी तर तीन आठवडे बघतेय रे.” गुरुवारी त्यांनाही सोबत नेतोय.