रेडिएशन झालंय? मग दात उपटायची घाई नको

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. नौपाड्यात माझा दातांचा दवाखाना असल्याने "डॉक्टर, हे खरं का?" असं विचारत तो माझ्यापर्यंतही आला. मजकूर थोडक्यात असा: तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालं की सगळे दात काढून घ्या, नाहीतर जबडा सडतो. ब्रश बंद करा, बोटाने मंजन लावा, दुखलंच तर चिमूटभर मिश्री. तोंड सुकलं तर लिंबू नाहीतर खडीसाखर चोखा. आणि दोन वर्षं गेली की जबडा पहिल्यासारखा होतो, मग काहीही करून घ्या.

लिहिणाऱ्याने खरं काहीतरी ऐकलंय, पण आधीचं नंतर आणि नंतरचं आधी करून ठेवलंय.

जबडा सडण्याची भीती पोकळ नाही. ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस असं त्याचं जडजंबाल नाव. रेडिएशन झालेलं हाड उघडं पडतं आणि महिनोन्महिने भरून येत नाही. या कॅन्सरमध्ये बहुधा ६० ते ७० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) इतकी मात्रा सहा-सात आठवड्यांत विभागून देतात. त्यात हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि हाडाची डागडुजी करणाऱ्या पेशी घटतात. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच वरच्यापेक्षा तोकडा, म्हणून दुखणं बहुतेक वेळा तिथेच. अशा हाडातून दात उपटला की खड्डा भरून काढायची ताकदच त्याच्यात उरलेली नसते. म्हणजे मेसेज ज्या संकटाची भीती घालतोय, त्यालाच आवतण देतोय!

दात काढायचे ते रेडिएशनच्या आधी, आणि तेही सगळे नव्हेत. हलणारे, मुळाशी पू झालेले, वाचण्यासारखे नसलेले तेवढेच; आणि जखम भरायला किमान दोन आठवडे, जमलं तर तीन, हाताशी ठेवून. परळच्या टाटा मेमोरियलला किंवा टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्राला जाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. रेडिएशनच्या तारखेची वाट बघताना घरच्यांनी "दात तपासून झाले का?" एवढं आठवणीने विचारावं. बत्तीसच्या बत्तीस काढून कटकट संपते हेही खोटंच. सुकलेल्या तोंडात कवळी घासते, फोड येतात, आणि त्या फोडाखालीही हाड उघडं पडू शकतं.

रेडिएशननंतर दात किडला तर? तो वाचवायचा. फिलिंग, रूट कॅनल. वरचा भाग तुटून गेला असेल तर मुळांचं रूट कॅनल करून ती तशीच हाडात ठेवायची. दिसायला बरं दिसत नाही, पण हाड शाबूत राहतं. मात्र त्यासाठी तोंड उघडायला हवं. रेडिएशनने जबड्याचे स्नायू आखडतात, म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून हळूहळू एकेक काडी वाढवत नेण्याचा व्यायाम शिकवतात. तो कंटाळवाणा आहे, मान्य. पण दोन बोटंही आत जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत माझं हत्यार पोचणार कसं?

आता लिंबू. मला या मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच वाटतं, कारण ते निरुपद्रवी दिसतं. निरोगी माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती तोंडातलं आम्ल मारते आणि दातांना कॅल्शियम परत देते. लाळग्रंथी रेडिएशनच्या वाटेत आल्या की हे सगळं आटतं. तपासताना माझा छोटा आरसा अशा रुग्णाच्या गालाला आतून चिकटतो, सोडवून घ्यावा लागतो. मग कीड नेहमीसारखी दाढेच्या खाचेत न लागता हिरडीच्या कडेने दाताला वेढा घालते. उंदराने कुरतडल्यागत तपकिरी रेघ दिसते आणि एके दिवशी भाकरीच्या घासाबरोबर दात हिरडीलगत, मानेतूनच तुटतो. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. दाताचं कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं, आणि लिंबाचा रस दोन-अडीचच्या घरातला. खडीसाखर म्हणजे तर किडीला रतीब. सुकल्यावर घोट घोट साधं पाणी प्यावं, बिनसाखरेचं च्युइंगगम चघळावं. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या कराव्यात. दारूचा अंश असलेलं माउथवॉश नको.

ब्रश बंद करायचा नाही, मऊ घ्यायचा. शिवाय फ्लोराइड. बाजारातल्या पेस्टमध्ये ते १,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास असतं. या रुग्णांना ५,००० पीपीएमची जेल दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये भरून रोज पाच-दहा मिनिटं लावायला सांगतात आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चूळही भरायची नाही. हे आयुष्यभर. "डॉक्टर, आयुष्यभर?" असं प्रत्येक काका विचारतात. हो, काका.

मिश्रीबद्दल काय बोलावं! भाजलेला तंबाखूच तो. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला तोच पुन्हा हिरडीवर चोळायला सांगणाऱ्याला माझे कोपरापासून नमस्कार.

राहिली ती दोन वर्षांची गोष्ट. हल्लीच्या तंत्राने लाळग्रंथी वाचवता आल्या तर वर्ष-दोन वर्षांत लाळ थोडीफार परत येते. बहुधा तिथूनच हा आकडा उचलला असावा. हाडाचं तसं नाही. उपचारानंतर दहा-दहा वर्षांनी दात काढल्यावरही जबडा उघडा पडल्याचे रुग्ण आढळतात. तेव्हा रेडिएशनची फाईल रद्दीत घालू नका. कुठल्या बाजूला किती ग्रे दिलं ते तिच्यात असतं. वागळे इस्टेटमधला असो की वाशीतला, दातांच्या डॉक्टरने सुई हातात घेण्याआधी ती त्याच्यासमोर ठेवा. एखादा दात रेडिएशन पडलेल्या भागाबाहेर असेल तर तो नेहमीसारखा काढताही येतो. त्या भागातला असेल आणि काढण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर ते काम तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, तोंडाच्या सर्जनकडेच करून घ्या.