थापाडे सेल

आमच्या घरात एक खण आहे. "बघू, चालतील" या वर्गातले सगळे सेल तिथे मुक्कामाला असतात. दिवे गेले की टॉर्चसाठी त्यांच्या जोड्या जुळवायचा कार्यक्रम अंधारातच होतो. (टॉर्चलाही बॅटरीच म्हणायची आपली पद्धत असल्यामुळे "बॅटरी गेली" म्हणजे नक्की काय गेलं, हा वाद तेवढ्यात उरकून घेतात.) टॉर्च जुना, तारेच्या बल्बचा. तो झोकात पेटतो, मी रुबाबात चार पावलं टाकतो, तोवर उजेड पिवळा, मग तांबूस, मग बल्बातली तार तेवढी लालसर दिसेल इतका. मग तळहातावर आपटायचं. क्षणभर पुन्हा उजेड. आपटल्याचा गुण, असं मी अनेक वर्षं समजत होतो.

शेवटी व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर आणला आणि खणातल्या सोळाच्या सोळा सेलांची हजेरी घेतली. १.४२, १.३९, १.४१... एकही गैरहजर नाही! दीड व्होल्टपैकी १.४ शिल्लक म्हणजे त्र्याण्णव टक्के, असं त्रैराशिक मांडून मी घरात जाहीर केलं. त्यातले दोन गुणवंत टॉर्चमध्ये घातले. तांबूस.

मग मी टॉर्चवर संशय घेतला. पट्ट्या घासल्या, स्प्रिंग ताणली, बल्ब बदलला. दुपार गेली.

"बाबा, मीटर त्या सेलाकडून काही काम करून घेतो का?" मुलीने विचारलं. दहावीतल्या मुलांचे प्रश्न हे प्रश्न नसतात.

मीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, साधारण १० मेगाओम, म्हणजे एक कोटी ओम. म्हणजे मोजताना सेलातून जेमतेम ०.१४ मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. काम शून्य, तेव्हा ऐट पूर्ण. तिने सेलाला कामाला लावायला १० ओमचा एक रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा छोटा तुकडा, त्याच्या दोन टोकांना लावला आणि मीटर तसाच धरला. १.४ वाले साहेब थेट ०.९ वर आले, आणि तिथेही थांबायला तयार नव्हते. नवा सेल लावला तर १.५८ चे १.५४. बस्स, एवढाच फरक.

"हा अर्धा व्होल्ट गेला कुठे?"

"त्याच्याच पोटात."

सेलाच्या आतही रोध असतो. नव्यात ओमच्या एखाद्या हिश्श्याएवढा. सेल वापरून संपत आला की वाढतो, थंडीत आणखी वाढतो. बाहेरच्या दहा ओममधून ०.०९ अँपिअर जात होते. त्या हिशेबाने आमच्या साहेबांच्या पोटात साडेपाच ओम निघाले. प्रवाह जितका जास्त मागाल तितके व्होल्ट तो आतल्या आत जिरवणार. रेझिस्टर काढला तर स्वारी १.२८, १.३१, १.३३ अशी दमादमाने वर चढायला लागली. माझ्या आपटण्याचा गुणही हाच असावा. आपटताना संपर्क तुटायचा आणि सेलाला तेवढीच विश्रांती मिळायची.

"तरी मी सांगत होते, फेकून द्या," बायको म्हणाली. पण फेकवेना. त्यातला एक सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला. घड्याळाची भूक इतकी कमी, की काटा टिकटिक करत चालू लागला. टॉर्चमधून काढलेला रिमोटमध्ये, रिमोटमधून काढलेला घड्याळात, अशी बढतीच्या उलट चाल आमच्याकडे तेव्हापासून रीतसर सुरू आहे. मीटर आणि रेझिस्टरही खणातच ठेवलेत.

परवा रात्री दिवे गेले. मी खण उघडला, चाचपडत सेल, रेझिस्टर, मीटर सगळं जुळवलं. मीटरवरचा आकडा वाचायला मात्र उजेड नव्हता. खिशातून जुना मोबाईल काढला. चार्जिंग १८ टक्के दाखवत होता. त्याचा दिवा लावला आणि मोबाईलच बंद पडला.

अंधारातून मुलीचा आवाज आला, "बाबा, ते १८ टक्के दिवा लावायच्या आधीचे होते ना?"