गॉडझिलाच्या माथी मारलेला गुन्हा

विज्ञानकथांतील किरणोत्सर्ग हे भ्रष्ट करणाऱ्या सत्तेचे रूपक असून ज्याला त्याची बाधा होते तो बलाढ्य आणि दुष्ट होतो, जपानी चित्रपटातला अजस्र प्राणी गॉडझिला हे त्याचे पहिले उदाहरण आहे, आणि वास्तवातही बाधितांची संतती विकृतच निपजते, असा एक संदेश सध्या फिरत आहे. माझ्या भाचीच्या निबंधात तो जसाच्या तसा उतरलेला पाहिल्यावर गप्प राहणे शक्य नव्हते.

यातला शेवटचा दावा सर्वांत घातक आहे. हिरोशिमा आणि नागासाकीवरील अणुबॉम्बमधून वाचलेल्यांना, म्हणजे हिबाकुशांना, याच समजुतीपायी नोकऱ्या नाकारल्या गेल्या आणि त्यांच्या मुलांची लग्ने मोडली. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या हिबाकुशांच्या 75,000 हून अधिक मुलांचा 62 वर्षांचा पाठपुरावा आहे, आईवडिलांना मिळालेल्या किरणोत्सर्गामुळे मुलांच्या मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे त्यात आढळलेले नाही. खुद्द वाचलेल्यांमध्ये कर्करोग वाढला, हे खरेच. पण आजारी पडणे म्हणजे बिघडणे नव्हे, एवढा विवेक संदेश लिहिणाऱ्याने दाखवायला हवा होता.

गॉडझिला ‘पहिला’ नाही. अणुस्फोटाने जागा झालेला अजस्र प्राणी 1953 च्या एका अमेरिकी चित्रपटातही होता.

साठच्या दशकातील अमेरिकी कॉमिक्समध्ये किरणोत्सर्गातून अचाट शक्ती मिळते, कधी ती शापही ठरते, एवढे मान्य करावे लागेल. मात्र तोच साचा इशिरो होंडा यांच्या 1954 च्या ‘गॉडझिला’ चित्रपटाला लावणे म्हणजे तो न पाहताच बोलणे होय. त्या वर्षी 1 मार्चला प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या 15 मेगाटनांच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख धोक्याच्या जाहीर क्षेत्राबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवरील 23 जणांवर पडली. नौकेचे रेडिओचालक कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले आणि नोव्हेंबरमध्ये चित्रपट झळकला. त्याची सुरुवातच समुद्रात लखलखाट होऊन नष्ट होणाऱ्या जहाजाने होते, हे जपानी प्रेक्षकांना वेगळे समजावून सांगावे लागले नसणार. चित्रपटातला प्राणीही हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी आपल्या ठिकाणाहून हुसकावलेला आहे. तो विध्वंस करतो, पण सत्तेने मातलेला नाही.

सत्तेची भीती त्यात आहे ती सेरिझावा या शास्त्रज्ञाच्या तोंडी. प्राण्याला मारू शकणारे साधन त्याच्यापाशी असूनही तो ते द्यायला कचरतो, कारण राज्यकर्ते त्याचे शस्त्र करतील अशी त्याला खात्री आहे. शेवटी तो आधी आपली टिपणे जाळतो, मग समुद्राच्या तळाशी जाऊन ते साधन वापरतो आणि कोणी बळजबरीने ते रहस्य काढून घेऊ नये म्हणून स्वतःही वर येत नाही. चित्रपटाने आरोपी म्हणून उभे केले आहे ते बॉम्ब बाळगणाऱ्यांना. संदेशाने मात्र तो गुन्हा राख अंगावर पडलेल्यांच्या नावावर चढवला आहे.