किती टक्के ते सांगा की!

सकाळी पावणेसातला बाबांचा फोन. "अगं, शेअर बाजार कोसळला! ती एसआयपी आजच्या आज बंद कर." एसआयपी म्हणजे माझा म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता. पेपर उघडला तर पहिल्याच पानावर भलामोठा मथळा: सेन्सेक्स हजार अंकांनी कोसळला, गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाले. सोबत डोक्याला हात लावून बसलेल्या माणसाचा फोटो. हा बिचारा निदान दहा वर्षं तसाच बसलाय.

चहा गार झाला आणि मी कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली, भागाकार करत बसले. सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, ऐंशी हजारांच्या आसपास, त्यातले हजार गेले. सव्वा टक्का! शंभराच्या नोटेतला सव्वा रुपया! 28 एप्रिल 1992 ला, हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्याच्या वेळी, तो 570 अंकांनीच पडला होता. पण तेव्हा सेन्सेक्स होताच साडेचार हजारांच्या आत. पावणेतेरा टक्के एका दिवसात साफ. त्याला कोसळणं म्हणतात. आकडा खोटा नाही हो, हजार म्हणजे हजारच. फक्त किती पैकी हजार, ते सांगायचं नाही. ते आम्ही शोधायचं, दुधाच्या हिशेबाखाली.

आणि जे विकलंच नाही ते बुडालं कसं? परवा बाजार वर गेला, तेव्हा ते लाखो कोटी वर तरंगून आले का? त्याची बातमी आतल्या पानावर, चार ओळी.

कारणं तर विचारूच नका. बाजार का पडला? विक्रीचा मारा झाला म्हणून. का चढला? खरेदीचा जोर होता म्हणून. वा! पाऊस का पडला, तर वरून पाणी आलं म्हणून. त्यातून काहीच सुचलं नाही तर आदल्या रात्री अमेरिकेत जे काही घडलं असेल ते चिकटवून द्यायचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की आमचा वार्ताहर कावळ्याची मुलाखत घेऊन मोकळा.

हे फक्त बाजाराचं असतं तर सोडून दिलं असतं. दहावीचा निकाल घ्या. 2023 ला राज्याचा निकाल 93.83 टक्के, आदल्या वर्षी 96.94. लगेच 'निकाल घसरला', लगेच मोबाइलमुळे मुलं वाया गेली. अहो, 2022 ला अभ्यासक्रम 25 टक्के कापलेला होता आणि पेपर मुलांच्या स्वतःच्या शाळेत झाले होते! त्याच्या आदल्या वर्षी 99.95 टक्के, कारण परीक्षाच झाली नव्हती. तुलना करायची तर निदान दोन्हीकडे एकच परीक्षा झालेली असावी, एवढीच माफक अपेक्षा आहे. मग चौकात गाठलेले चार पालक, त्यांच्या दोन-दोन ओळी, आणि निष्कर्ष सगळ्या महाराष्ट्राचा. शितावरून भाताची परीक्षा होते ती पातेल्यातल्या सगळ्या तांदळाला एकच आच लागलेली असते म्हणून. चौकातल्या चौघांना कुठली आच लागली होती?

पण खरा संताप येतो तो 'धोका दुप्पट' वर. वहिनी दर आठवड्याला असं एक कात्रण पाठवते आणि घरातून एकेक पदार्थ हद्दपार होतो. दुप्पट म्हणजे कितीचे किती? लाखात एकाचे दोन, की दहात एकाचे दोन? हे एक वाक्य लिहायला शाई संपते का? ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये हेच झालं. नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा निघाला आणि बातम्यांनी तो उचलून धरला. प्रत्यक्षात सात हजार बायकांत एकीच्या जागी दोघी. पण दुप्पट ऐकून बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले. वर गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! आणि लोक मला म्हणतात, एवढं काय मनावर घेतेस, पेपर आहे तो.

पूर्वी मी वीस मिनिटांत पेपर वाचून उठायचे. आता तासभर लागतो आणि डोकं तापतं ते वेगळंच. एकदा हे दिसायला लागलं की दिसतच राहतं, भातातल्या खड्यासारखं, दर घासाला.

शेवटी संपादकांना पत्र लिहिलं. नीट, शांतपणे, शिवी न देता. अंकांसोबत टक्के द्या, नुसतं 'दुप्पट' लिहू नका, मूळ आकडा द्या. सोबत 1992 चा आणि आत्ताचा, असा छोटा तक्ताही जोडला. गेल्या रविवारी छापून आलं. तक्ता कापलेला, टक्के कापलेले, माझ्या चार ओळी शिल्लक. वर मथळा: 'शेअर बाजारावरचा वाचकांचा विश्वास उडाला'.

सकाळी पावणेसातला बाबांचा फोन. "बघ, लोकही तेच म्हणतायत. बंद केलीस का ती एसआयपी?"