लोभी होते म्हणून फसले? साफ चूक

“ऑनलाइन फक्त लोभी आणि अडाणी माणसंच फसतात. शहाण्याला कोण फसवणार? आणि गेलेला पैसा परत येत नाही, तक्रारीत वेळ घालवू नका.” हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, मग शाळेच्या जुन्या वर्गाच्या. त्यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

आधी लोभाचं बघू. माझी आत्या गणिताची निवृत्त शिक्षिका. “तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय” असा फोन आला. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्याची पाटी. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. गॅसवरचं दूध उतू जायला लागलं, तेव्हा स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला तिने त्या माणसाची परवानगी मागितली. पाच तास हे चाललं. तिला कुणी दामदुप्पट देऊ केलं नव्हतं, नुसती भीती घातली होती. व्हिडिओ कॉलवरची अशी ‘डिजिटल अरेस्ट’ आपल्या कायद्यात नाहीच, पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. शेअरच्या टिप्स देणाऱ्या ग्रुपमध्ये हाव असते, मान्य. पण तिथेही आधी थोडा नफा खरोखर खात्यात जमा करतात आणि विश्वास कमावतात.

बरं, अडाणी? लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल पद्मभूषण आहेत, आयुष्यभर मोठा उद्योग चालवलेले. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली गेली, सरन्यायाधीशांचा तोतयाही आणला. ७ कोटी रुपये गेले. हे त्यांनी स्वतः जगासमोर सांगितलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत देशाने २०२३मध्ये ७,४६५ कोटी गमावले आणि २०२४मध्ये २२,८४५ कोटी. माणसांचा लोभ वर्षभरात तिप्पट होत नाही. धंदा वाढलाय.

आणि धंदा कसला, तर कारखानेच. थायलंडच्या सीमेला लागून असलेल्या म्यानमारच्या म्यावाडीत, कंबोडियात काटेरी तारांच्या आत इमारती आहेत. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून पोरांना बोलावतात, सीमेवरच्या नदीपलीकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसाचं टार्गेट देतात. ते गाठलं नाही तर मार. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३मध्ये अंदाज दिला होता: म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी अडकवून कामाला जुंपलेली. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानाने थायलंडमधून एका खेपेत २८३ भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलिसांनी, ६०हून अधिक जणांना सोडवलं आणि एजंटांना पकडलं. फोनवर दरडावणारा आवाज अशाच एखाद्या डांबून ठेवलेल्या पोराचा असू शकतो. खरा पैसा वर जातो.

आता तक्रारीचं. पैसा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून काही मिनिटांत पुढे पुढे सरकतो, म्हणून १९३० हा सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लगेच लावायचा. पुढच्या खात्यातून तो निघायच्या आत बँक तिथेच रोखू शकते. सरकारने २०२५मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवर अशा तक्रारींमुळे ५,४८९ कोटींहून अधिक रक्कम वाचली. आत्याने दोन लाख पाठवले होते. बेल वाजवून वाजवून शेजारीण आत शिरली आणि तिने तिथूनच १९३० लावला. एक लाख चाळीस हजार अडले.

तो मेसेज आला त्या ग्रुपमध्ये आत्याही आहे. तिने तो वाचला होता. घडलेलं आम्हाला सांगायला तिला तीन आठवडे लागले.