डॉसनचा जन्म १८९६ साली झाला नाही

कॅनडाच्या उत्तरेकडील युकॉन प्रदेशात डॉसन सिटी नावाचे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव आहे. तिथे जाऊन आलेल्यांच्या वर्णनात एक वाक्य हमखास येते : १८९६ साली सोने सापडले आणि ओसाड जागी शहर उभे राहिले. या वाक्यातला ‘ओसाड’ हा शब्द मला मान्य नाही आणि तो का मान्य नाही, हे सविस्तर सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

गेल्या जुलैत मी तिथल्या संगमावर गेलो होतो. युकॉन नदी गाळाने राखाडी झालेली असते, तिला येऊन मिळणारी क्लॉन्डाइक बरीच नितळ, आणि दोन्ही पाणी काही अंतर एकमेकांत न मिसळता शेजारून वाहतात. होडीत निमूट बसले की गाळाचे बारीक कण तळाला घासल्याची सळसळ स्पष्ट ऐकू येते. याच संगमावर त्रोचेक ही हान या इथल्या मूळ रहिवासी लोकांची मासेमारीची वस्ती होती. बेरिंग समुद्रातून सुमारे दोन हजार किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहत आलेला किंग सामन मासा उन्हाळ्यात इथे पोहोचत असे. तो अडवण्यासाठी हे लोक दगडी हातोड्यांनी नदीच्या तळात खुंट ठोकून कुंपण घालत, आणि पकडलेले मासे चिरून, वाळवून, धुरावर धरून हिवाळ्यासाठी ठेवत. नदीचे नावच त्यावरून पडले : त्रॉन्डेक, म्हणजे हातोडीच्या दगडाची नदी. गोऱ्यांना तो उच्चार जमला नाही आणि त्याचे क्लॉन्डाइक झाले. जगभर सोन्याशी जोडला गेलेला हा शब्द मुळात मासेमारीच्या एका अवजाराचा आहे.

गोरे व्यापारीही १८९६ पूर्वीच आले होते. संगमापासून थोडे खाली १८७४ मध्ये फोर्ट रिलायन्स हे ठाणे उभे राहिले. ‘फॉर्टी माइल’ आणि ‘सिक्स्टी माइल’ ही नद्यांची नावे या ठाण्यापासूनच्या अंतरावरून पडली आहेत.

ऑगस्ट १८९६ मध्ये सोने सापडल्यावर जोसेफ लाड्यू या व्यापाऱ्याने खाणीवर हक्क सांगण्याऐवजी संगमालगतची दलदलीची सपाट जागा आपल्या नावावर करून घेतली, स्वतःची लाकूड कापायची गिरणी तिथे आणली आणि प्लॉट विकायला काढले. गावाला भूगर्भशास्त्रज्ञ जॉर्ज डॉसन यांचे नाव मिळाले. दोन वर्षांत तिथे सुमारे तीस हजार माणसे जमली आणि जितक्या वेगाने आली तितक्याच वेगाने पांगलीही.

मूळ रहिवाशांचे काय झाले, हा भाग बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकला जातो. त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी १८९७ मध्ये आपल्या लोकांना पाच किलोमीटर खाली मूसहाइड येथे हलवले. मागे राहिलेल्या त्रोचेकवर खाणवाल्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्या जागेला चक्क ‘उवांचे गाव’ म्हटले जाऊ लागले. आपली गाणी आणि नाच या गर्दीत टिकणार नाहीत, हे ओळखून आयझॅक यांनी ती अलास्कातील नातलगांकडे सांभाळायला दिली. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो. सोने खणून नेणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ असतात, पण घर हातचे जात असताना गाणी आधी सुरक्षित स्थळी पोहोचवणाऱ्या या माणसाचे नाव आपल्या कानावरून कधी जात नाही.

ती गाणी १९९० च्या दशकात परत आली. २०२३ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले, तेही ‘त्रॉन्डेक-क्लॉन्डाइक’ या जोडनावाने, जुने नाव आधी ठेवून. मला त्याचे मनापासून समाधान वाटले.

मासा मात्र परतलेला नाही. किंग सामनची संख्या इतकी घटली आहे की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्का यांनी युकॉन नदीत त्याची मासेमारी सात वर्षे, म्हणजे एका माशाच्या पूर्ण आयुष्याएवढा काळ, बंद ठेवण्याचे ठरवले. संगमावर मी उभा होतो तो त्याच्या येण्याचाच महिना होता.